थेंबाचा शंभरावा भाग: दात सरकताना हिरडी काय सांगते?

"डॉक्टर, तारा किती महिने ठेवायच्या?"

दातांना तारा लावायला आलेला जवळजवळ प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो. पेशंट विचारतो, त्याची आई विचारते, आणि लग्न ठरलेलं असेल तर सासरचेही विचारतात. उत्तर ठरलेलं असतं: "दीड ते दोन वर्षं, बघू." यातला 'बघू' हा शब्द माझ्या पीएचडीचा विषय आहे.

एकाच वयाची दोन मुलं घ्या. दात सारखेच वाकडे, तारा त्याच, ओढ तेवढीच. तरी दोघांचे दात एकाच वेगाने सरकत नाहीत. सुळा मागे ओढताना तो महिन्याला साधारण १ मिलिमीटर सरकतो असं आपण धरून चालतो, पण ही सरासरी झाली. कुणाचा सुळा भराभर जागेवर येतो, कुणाचा महिनोन्‌महिने अडून बसतो. कोण कुठल्या गटात जाणार हे आज तरी आधी सांगता येत नाही. आणि याहून गंभीर गोष्ट म्हणजे दात सरकवताना कुणाच्या दाताचं मूळ झिजणार, हेही आधी कळत नाही.

मग प्रश्न असा, की दात सरकत असताना आत जे काही चाललंय, त्याची बातमी बाहेर कुठे मिळते का? मिळते. हिरडीच्या फटीतून जो अगदी किंचित द्रव झिरपतो, त्यात मिळते. आजचा लेख त्याबद्दल. जीवशास्त्र बारावीनंतर सोडलेल्या वाचकांनाही समजेल असं लिहायचा प्रयत्न करतेय.

दात रोवलेला नसतो, टांगलेला असतो

बहुतेकांना वाटतं, दात जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा ठोकलेला असतो. तसं नाही. दाताचं मूळ आणि त्याभोवतीचं हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा. त्याचं नाव पेरिओडाँटल लिगामेंट. पुढे मी त्याला नुसतं लिगामेंट म्हणेन. दात या तंतूंनी खोबणीत टांगलेला असतो, बाजेच्या सुंभासारखा. तुम्ही चणे चावता तेव्हा दात किंचित दबतो आणि परत वर येतो, तो या लिगामेंटमुळे. त्यात रक्तवाहिन्या असतात, नसा असतात आणि तऱ्हेतऱ्हेच्या पेशी असतात.

दात सरकण्यात हा थर किती महत्त्वाचा आहे याचा पुरावा सोपा आहे. ज्याचं लिगामेंट नष्ट होऊन मूळ थेट हाडाला चिकटलंय असा दात कितीही ओढा, हलत नाही. इम्प्लांटचंही तेच. इम्प्लांटला लिगामेंट नसतं, म्हणून तो आहे तिथेच राहतो. तारेचं काम म्हणजे या थराला एक निरोप देणं. हाड हलवायचं काम पेशी करतात.

एकीकडे पाडकाम, दुसरीकडे बांधकाम

हे सगळ्यात आधी नीट पाहिलं ते कार्ल सँडस्टेट या स्वीडिश दंतवैद्याने. १९०४-०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कामात त्याने कुत्र्यांचे दात सुमारे तीन आठवडे ओढले आणि मग जबड्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दात ज्या दिशेला जातोय त्या बाजूला लिगामेंट दाबलं गेलं होतं आणि तिथलं हाड विरघळत होतं. उलट बाजूला लिगामेंट ताणलं गेलं होतं आणि तिथे नवं हाड तयार होत होतं. पुढच्या बाजूला पाडकाम, मागच्या बाजूला बांधकाम, आणि मधून दात पुढे. सव्वाशे वर्षं होत आली, पण हे मूळ चित्र बदललेलं नाही.

पाडकाम करणाऱ्या पेशी म्हणजे ऑस्टिओक्लास्ट. बांधकाम करणारे गवंडी म्हणजे ऑस्टिओब्लास्ट. हाडाच्या आतच कायमचा मुक्काम ठोकून बसलेल्या आणि ताण-दाब ओळखणाऱ्या पेशी म्हणजे ऑस्टिओसाइट. ही नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल, पाडणारे आणि बांधणारे एवढं ठेवा.

सँडस्टेटने आणखी एक गोष्ट पाहिली. जोर जास्त झाला की दाबाच्या बाजूचं लिगामेंट इतकं चेंगरतं की तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि एक निर्जीव, काचेसारखा दिसणारा पट्टा तयार होतो. निर्जीव पट्ट्यात पाडणाऱ्या पेशी येणार कुठून? त्यांना शेजारून, हाडाच्या आतल्या बाजूने पोखरत यावं लागतं. तोपर्यंत दात अडून राहतो. म्हणूनच तारा लावल्यावर पहिल्या काही दिवसांत दात थोडा हलतो, मग दोन-तीन आठवडे काहीच होत नाही असं वाटतं, आणि त्यानंतर खरी हालचाल सुरू होते. डॉक्टर तुम्हाला दर आठवड्याला न बोलवता चार ते सहा आठवड्यांनी बोलवतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

१९३२ मध्ये ऑस्ट्रियाच्या ए. एम. श्वार्त्स यांनी सांगितलं, की जोर एवढाच असावा की केशवाहिन्या बंद पडू नयेत: मुळाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम. हा आकडा आज जसाच्या तसा कुणी वापरत नाही, पण विचार टिकून आहे. २००० च्या सुमारास झालेल्या एका अभ्यासात तर फक्त १८ ग्रॅमच्या सततच्या ओढीनेही माणसांचे सुळे सरकले होते. १८ ग्रॅम म्हणजे चहाचे तीन-चार चमचे साखर. त्यामुळे "डॉक्टर, जरा घट्ट करा, लवकर संपू दे" असं तुम्ही म्हणता तेव्हा डॉक्टर हसतात, ते उगाच नाही.

निरोप कोण पोचवतं?

आता मुद्द्याकडे येऊ. तार ओढते, लिगामेंट एकीकडे दबतं, दुसरीकडे ताणलं जातं. पण पेशींना हाक कोण मारतं? त्यासाठी काही रेणू तयार होतात. दात सरकतोय याची खूण म्हणून आपण तेच मोजतो, आणि त्यांना म्हणायचं बायोमार्कर किंवा जैवनिर्देशक. कामानुसार त्यांचे चार गट करूया.

पहिला गट हाक मारणाऱ्यांचा. यात प्रोस्टाग्लँडिन ई-२ आणि इंटरल्यूकिन-१ बीटा हे मुख्य. हे दाहाचे रेणू आहेत, म्हणजे पाय मुरगळल्यावर जे तयार होतात त्याच जातीचे. दात सरकणं हा एका अर्थाने शरीरात मुद्दाम घडवून आणलेला, लगाम घातलेला दाहच आहे. तारा घट्ट केल्यावर पहिला दिवस सर्वात दुखरा असतो आणि आठवडाभरात दुखणं ओसरतं, त्यात या रेणूंचा मोठा हात आहे.

प्रोस्टाग्लँडिनचं महत्त्व उलट बाजूनेही तपासलं गेलंय. १९८४ मध्ये जपानच्या यामासाकी आणि सहकाऱ्यांनी पेशंटच्या हिरडीत प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन दिलं, तर त्या बाजूचे दात लवकर सरकले. मग सर्रास का देत नाहीत? कारण हेच रेणू वेदना वाढवतात आणि शरीरात टिकतही नाहीत, त्यामुळे इंजेक्शन पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. दात लवकर हवेत म्हणून दर खेपेला हिरडीत सुई कोण टोचून घेईल?

यातूनच एक घरगुती प्रश्न निघतो. तारा घट्ट केल्यावर दुखलं तर गोळी कुठली घ्यायची? आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच रोखतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत अशा गोळ्यांनी दात सरकण्याचा वेग कमी झालेला दिसतो. एखाद-दुसऱ्या गोळीने तुमचा उपचार बिघडणार नाही, पण रोज घेत राहण्याची गोष्ट वेगळी. म्हणून बरेच ऑर्थोडाँटिस्ट पॅरासिटामॉल सुचवतात. तुमच्यासाठी काय योग्य ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, कारण संधिवातासाठी किंवा आणखी कशासाठी तुम्ही आधीच गोळ्या घेत असाल तर हिशेब बदलतो.

दुसरा गट परवाना देणाऱ्यांचा, आणि हा माझा सर्वात आवडता. पाडणाऱ्या पेशी तयार व्हायच्या तर त्यांच्या पूर्वज पेशींच्या अंगावरचं एक कुलूप उघडावं लागतं. कुलपाचं नाव रँक, आणि त्याची चावी म्हणजे रँक-एल. चावी फिरली की पूर्वज पेशीतून ऑस्टिओक्लास्ट तयार होतो. पण शरीराने एक खोटं कुलूपही करून ठेवलंय, त्याचं नाव ऑस्टिओप्रोटेजेरिन, थोडक्यात ओपीजी. चावी या खोट्या कुलपात अडकून बसली की खऱ्या कुलपापर्यंत पोचतच नाही आणि पाडकाम थांबतं. (दातांच्या दवाखान्यात 'ओपीजी काढून आणा' म्हणतात तो पूर्ण जबड्याचा एक्स-रे. हा ओपीजी निराळा. आमच्याकडे दोन्ही एकाच फाइलमध्ये येतात आणि नवीन मुलांचा हमखास गोंधळ होतो.)

ओपीजीचा शोध १९९७ चा आणि रँक-एलचा त्याच्या पुढच्या वर्षाचा, म्हणजे हे सगळं तसं ताजं आहे. ओपीजी प्रमाणाबाहेर तयार करणाऱ्या उंदरांची हाडं दगडासारखी घट्ट झाली. पुढे जपानमध्ये उंदरांवर प्रयोग झाले. जबड्यात ओपीजीचा जनुक सोडल्यावर दात सरकणं मंदावलं, रँक-एलचा सोडल्यावर वाढलं. म्हणजे या जोडीचा दात सरकण्याशी संबंध नुसता योगायोगाचा नाही. चाव्या किती आणि खोटी कुलपं किती, हे गुणोत्तर खरं महत्त्वाचं.

तिसरा गट काम चालू असल्याच्या खुणांचा. बांधणाऱ्या पेशी अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं एन्झाइम सोडतात, पाडणाऱ्या पेशी अॅसिड फॉस्फटेजचा एक खास प्रकार सोडतात. बांधकामाच्या साइटवर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या दिसल्या तर बांधकाम चाललंय, राडारोडा दिसला तर पाडकाम. तसंच हे.

चौथा गट तंतू कापणाऱ्यांचा. लिगामेंटचे जुने तंतू तोडल्याशिवाय नवे विणता येत नाहीत. ते तोडणारी एन्झाइम्स म्हणजे एमएमपी, त्यातली एमएमपी-८ ही सर्वात जास्त अभ्यासलेली.

शितावरून भात

हे रेणू तयार होतात मुळापाशी, हाडाच्या आत. तिथे सुई घालून नमुना काढायचा म्हणजे माणसाला उगाच इजा करायची. सुदैवाने निसर्गानेच एक झरोका ठेवलाय.

आरशात बघा. हिरडी दाताला जिथे टेकते तिथे एक बारीक फट असते, निरोगी हिरडीत १ ते ३ मिलिमीटर खोल. या फटीत आतून एक द्रव सतत झिरपत असतो. इंग्रजी नावावरून त्याला आम्ही जीसीएफ म्हणतो. मुळाभोवती जे घडतंय त्याचे अंश या द्रवात उतरतात. शितावरून भाताची परीक्षा करतात, तसं या द्रवावरून आम्ही हाडाची परीक्षा करायला बघतो.

फक्त शित फारच लहान आहे. एका दातापाशी एका वेळी मिळणारा द्रव सहसा एक मायक्रोलिटरही नसतो. नळाचा एक थेंब साधारण ५० मायक्रोलिटरचा धरला, तर आपल्याला मिळतो त्या थेंबाचा शंभरावा भाग, कधी त्याहूनही कमी.

तो घेतात कसा? आधी दातावरचा मळ हळूच काढायचा. कापसाच्या गुंडाळ्या लावून लाळ दूर ठेवायची. हलक्या हवेने दात कोरडा करायचा. मग शोषक कागदाची एक बारीक पट्टी फटीच्या तोंडाशी सुमारे १ मिलिमीटर आत सरकवून ३० सेकंद धरायची. दुखत नाही, गुदगुल्या होतात असं लहान मुलं सांगतात. पट्टीवर रक्ताचा डाग दिसला तर ती पट्टी बाद, कारण रक्त मिसळलं की आकडा बिघडतो. मग किती द्रव आला ते एका छोट्या यंत्राने मोजायचं, पट्टी कुपीत टाकायची आणि उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवायची.

पुढचं काम एलायझा नावाच्या तपासणीचं. आपल्याला हवा तो रेणूच धरून ठेवणाऱ्या अँटीबॉडीज प्लेटच्या तळाशी चिकटवलेल्या असतात. नमुना घातला की तो रेणू तिथे अडकतो, मग रंग आणणारी दुसरी अँटीबॉडी घालायची. रंग जितका गडद, तितका रेणू जास्त. डेंग्यूची रक्ततपासणी ज्या तत्त्वावर होते, तेच तत्त्व.

आतापर्यंत काय कळलंय?

१९९४ मध्ये अमेरिकेत ग्रीव्ह आणि सहकाऱ्यांनी १० पेशंटवर केलेला अभ्यास हा या क्षेत्रातला एक पायाचा दगड मानतात. ज्या दाताला ओढ दिली त्याच्या फटीतल्या द्रवात प्रोस्टाग्लँडिन ई-२ आणि इंटरल्यूकिन-१ बीटा पहिल्या एक-दोन दिवसांत वाढले आणि सात दिवसांत पूर्ववत झाले. त्याच तोंडातल्या, ओढ न दिलेल्या दातापाशी अशी वाढ दिसली नाही. ही रचना लक्षात घ्या: तुलना दोन माणसांत नाही, एकाच माणसाच्या दोन दातांत आहे. त्यामुळे वय, आहार, ताप-सर्दी हे सगळं दोन्हीकडे सारखंच राहतं.

२००६ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी किशोरवयीन पेशंटच्या सुळ्यांपाशी पाहिलं, तर ओढ दिल्यापासून २४ तासांत रँक-एल वाढलं होतं आणि ओपीजी कमी झालं होतं. चाव्या वाढल्या, खोटी कुलपं घटली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात मोठ्या माणसांत हे गुणोत्तर मुलांपेक्षा कमी आढळलं आणि त्यांचे दातही कमी सरकले. तिशीत तारा लावणाऱ्यांना "तुम्हाला जरा जास्त वेळ लागेल" असं जे अनुभवाने सांगितलं जातं, त्याला इथे पेशींच्या पातळीवरचा एक आधार मिळतो.

१८ ग्रॅमवाल्या ज्या संशोधकांचा वर उल्लेख केला, त्यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकलं. त्यांनी इंटरल्यूकिन-१ बीटा आणि त्याला अडवणारा दुसरा रेणू यांचं गुणोत्तर काढलं आणि ते दात सरकण्याच्या वेगाशी जुळतं असं दाखवलं. म्हणजे 'दात सरकतोय की नाही' इथून आपण 'किती वेगाने सरकतोय' इथवर आलो. पेशंट मोजकेच होते, पण दिशा मिळाली.

मग दवाखान्यात ही तपासणी का होत नाही?

रास्त प्रश्न. अशी झटपट तपासणी करणं तंत्र म्हणून अशक्य नाही. हिरड्यांच्या आजारासाठी एमएमपी-८ ची, प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीसारखी, काही मिनिटांत उत्तर देणारी तपासणी बाजारात आहे. अडचणी निराळ्या आहेत.

पहिली अडचण म्हणजे धूर दिसतो, पण कुठल्या चुलीचा ते कळत नाही. इंटरल्यूकिन, एमएमपी, प्रोस्टाग्लँडिन हे सगळे हिरडी सुजली तरी वाढतात. आणि तारा लावल्यावर ब्रश करणं अवघड होतं, अन्न अडकतं, हिरडी सुजते. आता वाढलेलं इंटरल्यूकिन दात सरकल्यामुळे की कालची पावभाजी ब्रॅकेटखाली राहिल्यामुळे? म्हणून आमच्या अभ्यासात पेशंटला आधी नीट ब्रश करायला शिकवतात, हिरड्या निरोगी करून घेतात, आणि तारा लावण्याआधीचा एक नमुना घेतात. सुरुवातीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याला काही अर्थ नाही.

दुसरी अडचण आकडा सांगण्याच्या पद्धतीची. काही अभ्यास मायक्रोलिटरमागे किती रेणू ते सांगतात, काही ३० सेकंदांत एकूण किती आला ते सांगतात. हिरडी सुजली की द्रवही जास्त येतो, त्यामुळे रेणू दुप्पट तयार झाला तरी पाण्यात दूध पातळ व्हावं तसं त्याचं प्रमाण तेवढंच दिसू शकतं. एकाच पट्टीवरून दोन पद्धतींनी दोन वेगळे निष्कर्ष निघू शकतात. शिवाय कुणी २४ तासांनी नमुना घेतलेला, कुणी तीन आठवड्यांनी. अशा अभ्यासांची बेरीज करणं म्हणजे किलो आणि लिटर यांची बेरीज.

तिसरी अडचण सर्वात मोठी. गटाची सरासरी वेगळी आहे म्हणजे प्रत्येक माणूस ओळखता येतो असं नाही. पुरुष सरासरीने बायकांपेक्षा उंच असतात, हे खरं. पण पडद्यामागे उभ्या असलेल्या माणसाची उंची ५ फूट ५ इंच आहे एवढ्यावरून तो पुरुष की बाई, सांगा पाहू! वेगाने दात सरकणाऱ्या गटात रँक-एल सरासरीने जास्त असेल, पण समोरच्या खुर्चीतल्या मुलीचा आकडा दोन्ही गटांत बसणारा निघाला, तर डॉक्टरांनी करायचं काय?

मार्कर वाढला म्हणजे दात सरकलाच?

हा भाग पैशांशी संबंधित आहे, म्हणून जरा लक्ष देऊन वाचा.

२०१३ मध्ये न्यू यॉर्कमधल्या अलिखानी आणि सहकाऱ्यांनी २० प्रौढ पेशंटवर एक प्रयोग केला. सुळ्याच्या मागच्या हाडात हिरडीतूनच तीन बारीक छिद्रं पाडली. फटीतल्या द्रवात दाहाचे रेणू वाढले आणि २८ दिवसांत त्या बाजूचा सुळा २.३ पट जास्त सरकला. तर्क सरळ आहे: छिद्रामुळे छोटी इजा, इजेमुळे दाह, दाहामुळे पाडणाऱ्या पेशी, पेशींमुळे वेग. साहजिकच ही पद्धत गाजली.

पण नंतरचे प्रयोग एकसुरात बोलत नाहीत. २०१८ मध्ये जॉर्डनमधल्या अल्केब्सी आणि सहकाऱ्यांनी असाच प्रयोग करून सुळा तीन महिने मोजला, तर छिद्रांच्या बाजूला आणि दुसऱ्या बाजूला काही फरक सापडला नाही. कंपन देणाऱ्या उपकरणांचंही असंच झालं. प्राण्यांमध्ये आशादायक वाटलं, पण पेशंटवरच्या नीट आखलेल्या चाचण्यांत उपचाराचा काळ काही कमी झाला नाही.

यातून घ्यायचा धडा असा: दाहाचा रेणू चार दिवस उसळला म्हणून दीड वर्षाचा उपचार एक वर्षात संपेल असं गृहीत धरता येत नाही. मार्कर ही मधली पायरी आहे. शेवटची पायरी म्हणजे दात किती सरकला आणि तारा किती महिन्यांनी निघाल्या, ती मोजल्याशिवाय दावा पूर्ण होत नाही. कुणी तुम्हाला जादा पैसे घेऊन 'दुप्पट वेगाने' तारा काढून देतो म्हणालं, तर शांतपणे विचारा: हे किती महिन्यांच्या अभ्यासावरून सांगताय?

मुळाची झीज: जिथे मार्करची खरी गरज आहे

आता सुरुवातीला म्हटलेल्या गंभीर गोष्टीकडे. हाड पाडणाऱ्या पेशींचे चुलत भाऊ कधी कधी दाताच्या मुळालाच खायला लागतात. बऱ्याच पेशंटमध्ये हे थोडंफार होतं, मुळाचं टोक किंचित बोथट होतं, आणि त्याने काही बिघडत नाही. पण १ ते ५ टक्के पेशंटमध्ये झीज मोठी असते, मुळाची ४ मिलिमीटरहून जास्त किंवा एक-तृतीयांश लांबी जाते. गेलेलं मूळ परत येत नाही.

सध्या ही झीज कळते एक्स-रेवर. एक्स-रे दाखवतो तो झालेला तोटा, चोर पळून गेल्यावर उघडी तिजोरी दिसावी तसा. शिवाय तो सपाट चित्र देतो, मुळाच्या गालाकडच्या किंवा जिभेकडच्या बाजूला पडलेला खड्डा त्यात लपून राहतो. आणि दर महिन्याला एक्स-रे काढणं योग्यही नाही.

इथे फटीतला द्रव एक फार सुंदर शक्यता दाखवतो. मुळाचा मुख्य भाग डेंटिनचा असतो, आणि डेंटिनमध्ये काही प्रथिनं अशी असतात जी हाडात नगण्य प्रमाणात सापडतात. हाड विरघळलं तर ती द्रवात फारशी येणार नाहीत, मूळ विरघळलं तर येतील. म्हणजे इथे धूर कुठल्या चुलीचा ते ओळखता येतं! २००४ मध्ये मा आणि प्रसाद या संशोधकांनी दाखवलं, की मुळं झिजत असलेल्या दातांपाशी, म्हणजे पडायला आलेल्या दुधाच्या दातांपाशी आणि तारा लावलेल्या दातांपाशी, या प्रथिनांचं प्रमाण जास्त होतं. नंतरच्या इतर अभ्यासांनीही या दिशेला दुजोरा दिला. प्रथिनाचं प्रमाण फारच कमी असतं आणि ते किती वाढलं की घाबरायचं ही रेघ अजून आखलेली नाही, हे अडथळे आहेत.

पण ही तपासणी जमली तर काय होईल बघा. झीज सुरू झाल्याचं कळलं की ओढ दोन-तीन महिने थांबवता येते. थांबवल्यावर पडलेले खड्डे शरीर बऱ्याच अंशी भरून काढतं, हे माहीत आहे. म्हणजे वेळेवर कळलं तर करण्यासारखं काहीतरी हातात आहे. मला या विषयात सर्वात जास्त ओढून घेतलं ते याच गोष्टीने. उपचार दोन महिने लवकर संपला तर आनंदच आहे, पण सोळा वर्षांच्या मुलीचं समोरच्या दाताचं मूळ वाचलं, तर ते तिला पुढची साठ वर्षं पुरणार आहे.

तुमच्यासाठी चार गोष्टी

एक. तारा लावल्या असतील तर ब्रश नीट करा, ब्रॅकेटच्या वर आणि खाली, दोन्हीकडे. सुजलेल्या हिरडीत आधीच दाह असतो, त्यात आणखी भर कशाला?

दोन. कुठली औषधं चालू आहेत ते डॉक्टरांना स्वतःहून सांगा. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याला घेतात ती अलेन्ड्रोनेटची गोळी, किंवा सहा महिन्यांनी घेतात ते डेनोसुमॅबचं इंजेक्शन, यांचं कामच पाडणाऱ्या पेशींना आवरणं हे आहे. डेनोसुमॅब तर थेट रँक-एलची चावीच पकडून ठेवतं. हल्ली पन्नाशीतही बरेच जण तारा लावतात, "ही तर हाडांची गोळी, दाताशी काय संबंध" असं समजून सांगायचं राहू देऊ नका.

तीन. पूर्वी समोरच्या दातांना मार लागला असेल, किंवा घरात कुणाची मुळं तारांमुळे आखूड झाली असतील, तर तेही सांगा. अशांमध्ये झीज होण्याचा धोका जास्त असतो.

चार. एखाद्या दंत महाविद्यालयात उपचार घेत असाल आणि कुणी विद्यार्थी कागदाची पट्टी घेऊन तुमच्यापाशी आला, तर त्याला आधी सगळं विचारा. नमुना कशासाठी, कितीदा घेणार, नाव गुप्त राहणार का. सहमतीचा कागद मराठीत मागा, वाचा, आणि नको वाटलं तर नाही म्हणा. नाही म्हटल्याने तुमच्या उपचारात फरक पडता कामा नये, हा तुमचा हक्क आहे. आणि हो म्हणालात, तर त्या ३० सेकंदांत जीभ हलवू नका एवढीच विनंती. लाळ लागली की पट्टी बाद होते आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून!

प्रश्न असतील तर खाली लिहा. पुढच्या लेखात तारा काढल्यानंतरच्या गोष्टीबद्दल लिहीन: दात परत जुन्या जागी का पळतात, आणि रिटेनर कंटाळा येईपर्यंत का घालावा लागतो.